चार नंबरचं विमान

आमच्या बोरटेकच्या सैनिकी विमान संग्रहालयात एकही विमान नकली नव्हतं, हे मी आजही कुणाहीसमोर छातीवर हात ठेवून सांगेन. विमानच नव्हतं.

होता तो एक ट्रेनर. आणि ११ एप्रिल १९९७ला, शुक्रवारी, सकाळी सव्वानऊ वाजता एक म्हातारी त्या ट्रेनरसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली,

"हे माझं चार नंबर हाय. हितं कुणी आणून ठेवलं?"

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, इतिहासाचा एम.ए. आणि तीन वर्षांपासून संग्रहालयाचा हंगामी अभिरक्षक होतो. त्या दिवशी अकरा वाजता तपासणी समिती यायची होती. समितीनं मान्यता दिली तर संग्रहालय टिकणार, हवाई दलाकडून एक निवृत्त जेट विमान मिळणार आणि मी कायम होणार. नाही दिली तर हँगरला कुलूप. शिवाय वीणाच्या वडिलांनी, म्हणजे नेवाशाच्या चौधरी सरांनी, मला घरी बोलावून, चहा-पोहे देऊन सांगितलं होतं, "ओतूरकर, मुलगा म्हणून तुमच्यात खोट काढायला जागा नाही. कायम झालात की पत्रिका बघू." वीणाची आणि माझी पत्रिका कॉलेजच्या कँटीनमध्ये कधीच जुळली होती, पण ते चौधरी सरांना सांगण्यासारखं नव्हतं.

"मावशी," मी म्हणालो, "हे दुसऱ्या महायुद्धातलं प्रशिक्षणाचं यंत्र आहे. यात बसून वैमानिक ढगात, अंधारात विमान कसं चालवायचं ते शिकायचे. ही पाटी वाचा."

"पाटी तुम्हीच लिवली ना?"

"हो."

"मंग तुम्हीच वाचा."

पाटी मी खरोखरच मनापासून लिहिली होती. 'लिंक ट्रेनर, सुमारे १९४३. जमिनीवरील प्रशिक्षण-विमान. शंभराहून अधिक वैमानिकांनी यात आंधळ्या उड्डाणाचे धडे गिरवले. शेपटीवरील पोपट हे येथील 'पोपट तुकडी'चे मानचिन्ह होय.' शंभर हा आकडा मला शोभून दिसला म्हणून घातला होता. पोपट मात्र खरा होता. म्हणजे शेपटीवर होता.

आता हे यंत्र आम्हाला मिळालं कसं, ते सांगतो. लढाई संपली, गोरे गेले आणि बोरटेकच्या धावपट्टीवर लोक बाजरी वाळत घालू लागले. उरलेला एकुलता एक हँगर ग्रामपंचायतीकडे आला. त्यात आधी गुरांचा बाजार भरला, मग धान्याचं गोदाम झालं, मग त्यात कोण काय ठेवतं हे विचारणं लोकांनी सोडून दिलं. १९९४ला संग्रहालयाचा आदेश निघाला तेव्हा हँगर रिकामा करायला ट्रॅक्टर लावले. शेवटच्या कोपऱ्यात, फाटक्या ताडपत्रीखाली, हे निघालं. लाकूड आणि पत्रा यांचं, एका माणसापुरतं, आखूड पंखांचं, निळं-पिवळं. इंजिन नाही, चाकं नाहीत. विमानांच्या हँगरमध्ये विमान सापडल्यावर ते कुणाचं म्हणून कोण विचारेल? मी तरी विचारलं नाही. पुण्याहून आणलेल्या पुस्तकात लिंक ट्रेनरचा फोटो होता. निळं अंग, पिवळे आखूड पंख, खाली खांब, गोल फिरतं. मी फोटो वस्तूच्या शेजारी धरला आणि अक्षरशः माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खात्री करायला माझ्याकडे तज्ज्ञही होते. दत्ताजी मोहिते, निवृत्त कॉर्पोरल, आमचे रखवालदार आणि मार्गदर्शक. हवाई दलात त्यांची पंधरा वर्षं झाली होती, त्यातली पंधरा भटारखान्यात. त्यांनी विमानाभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "ट्रेनरच आहे साहेब. आवाजावरून कळतं." शेपटीवरचा रंग खरवडल्यावर खाली पोपट निघाला, तेव्हा मात्र मी जरा चाचरलो होतो. मोहिते म्हणाले, "प्रत्येक तुकडीचं एक जनावर असतं. आमच्या वेळी वाघ होता. पोपट जुना असणार."

मग गावातल्या लोहाराकडून खाली फिरता खांब बसवून घेतला, शिंप्याकडून काळ्या कापडाची टोपी शिवून घेतली. ती टोपी आत बसलेल्याच्या डोक्यावरून ओढली की त्याला बाहेरचं काही दिसू नये. पुस्तकात तसंच होतं. तपासणीच्या आदल्या रविवारी जिल्ह्याच्या पेपरात माझा लेख आला, फोटोसकट, आणि तिथूनच सगळी भानगड सुरू झाली.

"सुनेनं फोटो दाखवला," म्हातारी म्हणाली. तिचं नाव हौसाबाई फुलारे. चार तालुक्यांतल्या जत्रांत तिचा चक्री पाळणा लागायचा. मधे खांब, भोवती सहा विमानं, हातानं ढकलायचा. "तीन वरसं झाली मी ह्याला हुडकतीय. रंगाऱ्याकडं दिलेलं, त्यो गाव सोडून गेला. म्हटलं भंगारवाल्यानं उचललं. आन् हे हितं, गादीवर बसल्यागत!"

"मावशी, तुमचं विमान वेगळं असेल. दिसायला सारखं असेल."

"बसायच्या फळीखाली हात घाला."

"कशाला?"

"घाला तर."

मी मोहित्यांकडे पाहिलं. मोहित्यांनी छताकडे पाहिलं. मी हात घातला. फळीखाली एक लोखंडी कडी होती आणि कडीला तांबडा दोरा बांधलेला होता, तेलानं काळा पडलेला.

"सात गाठी हायेत," हौसाबाई म्हणाल्या. "मोजा. पोरं पडू नयेत म्हणून भैरोबाच्या देवळात बांधून आणलाय. साही विमानांना हाय."

मी मोजल्या. सातच होत्या.

"आणि पोपट?" मी विचारलं. मला वाटतं, तोपर्यंत माझी सगळी आशा पोपटावर होती.

"एकाला मोर, एकाला हत्ती, एकाला कमळ. हे पोपटाचं. आमच्या ह्यांनी काढलेला. चोच वाकडी झालीय, बघा, तवा त्येंला ताप होता."

मोहिते हळूच माझ्या कानाशी आले. "साहेब, आमच्या वाघाचंही मला आता नक्की आठवत नाही."

मी हौसाबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणालो, विमान तुमचंच, कबूल. पण आज दुपारपर्यंत इथं राहू द्या. सगळं सांगितलं. समिती, जेट, नोकरी. चौधरी सरांचं मी सांगितलं नाही, ते मोहित्यांनी सांगितलं.

"अकराला टेम्पो येतोय," त्या म्हणाल्या. "बारा दिसांनी बोरटेकची जत्रा. मागली दोन वरसं मी पाच विमानांवर काढली. पाळणा कलतोय दादा. चौथ्याच्या जागी बाजरीचं पोतं बांधावं लागतंय. पोरं म्हणत्यात आजी, आमाला पोत्यात बसीव."

"फक्त दुपारी दोनपर्यंत."

"टेम्पोवाला थांबतोय व्हय? त्येचं लगीनसराईचं भाडं हाय."

असं म्हणून त्यांनी कनवटीची पिशवी सोडली, ट्रेनरच्या अगदी समोर खुर्ची ओढली आणि भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या. त्यांना तिथून उठवायचं कसं, यावर मी आणि मोहिते विचार करत असतानाच बाहेर जीप थांबली. समिती पाऊण तास आधी आली होती.

समितीत दोघे होते. एक मुंबईचे उपसंचालक कुलथे. चाळिशीचे, इस्त्रीचे, हातात फॉर्म लावलेलं पॅड. त्यांनी आल्या आल्या दारावरची संगमरवरी पाटी शब्दशः उतरवून घेतली, 'बोरटेक प्रशिक्षण तळ, १९४२ ते १९४६', आणि ती सरकारीच आहे ना, हे दोनदा विचारलं. दुसरे विंग कमांडर माधवराव पागे, निवृत्त, वय पंचाहत्तर. काठी हातात होती, पण टेकत नव्हते, काखेत धरून चालायचे. ते एकेकाळी याच तळावर शिकले होते म्हणून त्यांना मुद्दाम आणलं होतं.

"फार बदललं असेल ना साहेब?" मी विचारलं.

"काय बदलणार?" पागे आजूबाजूला बघत म्हणाले. "ऊन तेच आहे."

मी त्यांना एक एक वस्तू दाखवत निघालो. धावपट्टीची वीट. ब्रिटिश पत्र्याची थाळी, जिच्यात सरपंचांच्या घरी तीस वर्षं कोंबड्या पाणी पीत होत्या. पॅराशूटचं कापड.

"हे ब्लाउज आहे," कुलथे म्हणाले.

"आधी पॅराशूट होतं. शेचाळीस साली गावातल्या चार लग्नांत वाटलं गेलं."

कुलथ्यांनी फॉर्मवर 'ब्लाउज (१)' असं लिहिलं.

पुढे फोटो होता. इथं पडलेल्या एका विमानाचा नाकावरचा पंखा मारुतीच्या देवळात लावलेला आहे, त्याचा. गावानं तो द्यायला साफ नकार दिला होता. फोटोतही पंख्यावर हळदीकुंकू आणि झेंडूचा हार दिसत होता. पागे तिथं थांबले. काठी काखेतून काढून त्यांनी ती प्रथमच जमिनीवर टेकली.

"कुणाचं विमान होतं हे?"

"नाव मिळालं नाही साहेब. गावात कुणाला आठवत नाही. एक शिकाऊ मुलगा होता म्हणतात."

"नाव नसेल तर 'अज्ञात' लिहा," कुलथे म्हणाले. "रकाना रिकामा राहायला नको."

पाग्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. परत काठी काखेत गेली.

"आता मुख्य मुद्दा," कुलथे म्हणाले. "रकाना नऊ. 'सैनिकी प्रशिक्षणासाठी प्रत्यक्ष वापरलेली, सुस्थितीतील किमान एक वस्तू.' वीट चालणार नाही. फोटो चालणार नाही. ब्लाउज तर... मिस्टर ओतूरकर, तुमचा तो ट्रेनर दाखवा. सगळं त्याच्यावर आहे."

ट्रेनरसमोर हौसाबाई तशाच बसल्या होत्या. पायाशी टरफलांचा ढीग.

"या कोण?"

"ह्या..." मोहिते म्हणाले, "स्थानिक आहेत."

कुलथ्यांनी माझी पाटी वाचली. पाग्यांनीही वाचली. मग पागे विमानाभोवती एक चक्कर फिरले, पंखावरून हात फिरवला, शेपटीपाशी वाकले आणि पोपटाकडे बराच वेळ बघत राहिले. खरा लिंक ट्रेनर ज्यानं पाहिला आहे असा माणूस त्या पोपटाकडे बघतोय, हे मी उभ्याउभ्या बघत होतो. मला कळून चुकलं की आता त्यांनी बोलण्याआधी आपणच बोललेलं बरं. निदान चौधरी सरांना सांगता येईल की मुलगा प्रामाणिक आहे.

"साहेब," मी म्हणालो, "एक गोष्ट सांगायची होती. हे विमान..."

"चहा मिळेल का?" पाग्यांनी विचारलं.

"हो साहेब, पण आधी..."

"तुम्ही स्वतः सांगून या. आलं घालायला सांगा. आणि कुलथे, तुम्ही धावपट्टीची लांबी कागदावरूनच घेणार का?"

"छे छे," कुलथे म्हणाले. त्यांच्या ब्रीफकेसमध्ये टेप होता, हे तेव्हा कळलं. टेपचं एक टोक मोहित्यांच्या हाती देऊन ते उन्हात बाहेर पडले. मोहिते जाताना माझ्याकडे अशा नजरेनं बघत गेले की धावपट्टी अकराशे यार्डांची आहे आणि टेप तीस मीटरचा, हे त्यांच्या लक्षात आलंय, असं मला वाटलं.

चहाची टपरी हँगरच्या खिडकीसमोरच होती. तिथून मला आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. हौसाबाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. पागे फळीखाली हात घालून दोरा चाचपत होते. झालं, म्हटलं. मग हौसाबाईंनी पिशवी पुढे केली, पाग्यांनी त्यातून मूठभर शेंगा घेतल्या. मग पागे बोलू लागले. त्यांनी एकदा काठीनं पंख्याच्या फोटोकडे दाखवलं, एकदा टपरीकडे, म्हणजे माझ्याकडे. हौसाबाईंनीही वळून माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की खुर्ची हलली.

दोन परक्या माणसांनी मिळून आपल्याला हसावं, एवढं आपण काय केलं, याचा विचार करत मी चहा घेऊन आत आलो. मागोमाग कुलथेही आले, घामानं निथळत. मोहिते त्यांच्या मागे टेप गुंडाळत होते.

"कुलथे," पागे कप हातात घेत म्हणाले, "ओतूरकरांची पाटी चुकीची आहे."

मोहित्यांनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला.

"हा लिंक ट्रेनर नाही. जगात लिंक ट्रेनर शेकड्यांनी पडलेत. हे त्याहून दुर्मीळ आहे. यात मी स्वतः शिकलोय."

कुलथ्यांनी पेन उघडलं.

"त्रेचाळीसची गोष्ट. आमचे ट्रेनर बोटीनं यायचे होते. बोट आली नाही. मुख्य प्रशिक्षक एक गोरा, महाखटपट्या माणूस. इथल्या जत्रेत त्यानं या बाईंच्या यजमानांचा पाळणा पाहिला आणि भाड्यानं तळावर आणला. सहा विमानं, सहा कॅडेट. डोक्यावर काळं फडकं, हातात काही नाही. पाळणा जोरात फिरवायचा, मग थांबवायचा. थांबला की उत्तर दिशा कुठं ते बोटानं दाखवायचं. चुकलं की पुन्हा. मी चार नंबरमध्ये असायचो."

"पुरावा?"

"तो बघा, समोर बसलाय."

हौसाबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या. "मी नवी नवरी व्हते. मालकासंगं पाळणा ढकलायला मीच. हा सायेब तवा काडीसारखा. दिशाबिशा काई सांगायचा न्हाई, नुसता ओकायचा. रोज म्याच विमान धुतलं."

"रोज नाही," पागे म्हणाले.

"रोज," हौसाबाई म्हणाल्या.

"वय काय तुमचं?" कुलथ्यांनी विचारलं.

"पासष्ट घाला."

कुलथ्यांनी घातलं. मग ते शेपटीकडे वळले. "आणि हा पोपट?"

मी डोळे मिटले.

"पोपट तुकडी," पागे शांतपणे म्हणाले. "आम्ही सहा जण. प्रशिक्षक सांगेल ते परत म्हणायचो, म्हणून त्यानंच नाव ठेवलं. चोच वाकडी आहे. चित्रकाराला ताप होता."

कुलथ्यांनी पेनचं टोक हनुवटीला लावलं. मग म्हणाले, "हे सगळं ठीक. पण मी तपासल्याशिवाय लिहीत नाही. पाळण्यावर दिशा चुकते, हे मला पटत नाही. मी गिर्यारोहक आहे."

"बसा ना मग," हौसाबाई म्हणाल्या.

उपसंचालक कुलथे बूट काढून चार नंबरच्या विमानात बसले. मोहित्यांनी काळी टोपी त्यांच्या डोक्यावरून ओढली. हौसाबाई उठल्या, पदर खोचला, शेपटीला एक हात लावला. बाकीच्यांना वाटलं, म्हातारी आता मोहित्यांना मदतीला बोलावणार. त्यांनी बोलावलं नाही. चार तालुक्यांच्या जत्रांतली सगळी ताकद त्या एका हातात होती. विमान असं फिरलं की पोपट मोजता येईना. आमच्या लोहारानं खांबात बसवलेलं बेअरिंग बैलगाडीचं होतं, ते आयुष्यात प्रथमच मनासारखं पळालं. आतून आधी 'छान, छान' असं ऐकू येत होतं, मग नुसतं 'बाई', मग काहीच नाही.

"थांबवा," पागे म्हणाले. हौसाबाईंनी पंख धरला. विमान जागच्या जागी थांबलं.

"कुलथे, उत्तर दिशा?"

काळ्या टोपीतून एक हात बाहेर आला. बोट जरा वेळ इकडेतिकडे फिरलं आणि मग ठामपणे छपराकडे गेलं.

त्यांना बाहेर काढून, पाणी मारून, खुर्चीवर बसवलं. शेंगा नको म्हणाले. दहा मिनिटांनी त्यांनी फॉर्म मागितला. रकाना नऊमध्ये त्यांनी जे लिहिलं त्याची प्रत आजही माझ्या फायलीत आहे: 'वस्तूची प्रत्यक्ष चाचणी घेण्यात आली. परिणामकारक.' खाली पाग्यांची सही, हौसाबाईंची सही. त्या सहीसाठी हौसाबाईंनी पेन घेतलं, पण लगेच टेकवलं नाही.

"माझं एक हाय. जत्रंला विमान लागंल. दरसाली. तवा बी पलटणीतनं जत्रंला सोडायचे."

"सोडायचे," पागे म्हणाले.

"संग्रहालयातली वस्तू अशी बाहेर..." कुलथ्यांनी सुरुवात केली. तेवढ्यात बाहेर टेम्पोवाल्यानं लांबलचक हॉर्न दिला. कुलथ्यांनी डोकं धरलं. "पारंपरिक वापरासाठी तात्पुरतं हस्तांतर," ते घाईनं म्हणाले, "कलम चौदा. पंधरा दिवस. पण मला परत बसवू नका."

जीपमध्ये बसण्याआधी पाग्यांनी मला बाजूला घेतलं. खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: होमी दस्तूर, वय वीस, नवसारी. ९ जानेवारी १९४४.

"पंख्याच्या फोटोखाली लावा. अज्ञात नाही तो. माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायचा. घोरायचा, पण ते लिहू नका."

"लावतो साहेब. आणि ते पाळण्याचं..."

"काय पाळण्याचं?"

"काही नाही."

"मग झालं," म्हणाले, आणि काठी काखेत घेऊन जीपमध्ये बसले.

जुलैत माझा कायमचा आदेश निघाला. डिसेंबरात लग्न झालं. पत्रिका चौधरी सरांनी बघितली, त्यात छत्तीसपैकी अठरा गुण जमले, आणि ते म्हणाले की बाकीचे अठरा नोकरीचे धरू. लग्नात हौसाबाई आल्या होत्या. त्यांना मी एकीकडे गाठून विचारलं, "मावशी, पागेसाहेब तुम्हाला खरंच आठवत होते?"

"ओकणाऱ्याचं तोंड सगळ्यांचं सारकंच असतंय दादा," त्या म्हणाल्या आणि जिलबी वाढणाऱ्याला हाक मारली.

जेट १९९९ला आलं. चौथऱ्यावर उभं आहे, आकाशाकडे नाक करून. लोक त्याच्यासमोर एक फोटो काढतात आणि मग आत येऊन चार नंबरच्या रांगेत उभे राहतात. पाटी मी नवीन लिहिली, पाग्यांनी सांगितलं तशी. दरवर्षी चैत्रात पंधरा दिवस तो खांब रिकामा असतो आणि तिथं मोहित्यांनी लिहिलेला पुठ्ठा टांगलेला असतो: 'विमान सरावासाठी गेले आहे.' मारुतीच्या देवळात होमी दस्तूरचं नाव गावानं स्वतःहून रंगवून घेतलं. दरवर्षी ९ जानेवारीला पुजारी पंख्याला एक हार जास्त घालतो. पागे दर दिवाळीला पत्र पाठवत. पत्रात शेवटी एकच प्रश्न असे, 'पोपट कसा आहे?' २००४च्या दिवाळीला पत्र आलं नाही.

२०१२ला हौसाबाई गेल्या. तेराव्यानंतर त्यांची नातसून एक पत्र्याची पेटी घेऊन संग्रहालयात आली.

"आजीनं सांगून ठेवलं होतं. हे म्यानेजरला द्या म्हणाली. पण माझ्या माघारी, जित्तेपणी नको."

पेटीत एक तांबडा दोरा होता, कोरा, सात गाठींचा. आणि मामलेदार कचेरीचा एक परवाना, चौघडी घातलेला, फुलाऱ्यांच्या नावाचा. 'चक्री पाळणा, हाताने ढकलण्याचा. विमाने सहा, लाकडी, नवीन करविलेली. दिनांक १४ फेब्रुवारी १९५२.'

दोरा मी विमानाला बांधला. परवाना संग्रहालयात लावलेला नाही. जागा नाही. दारावरची संगमरवरी पाटी मात्र अजून तिथंच आहे. ती मी लिहिलेली नाही, सरकारी आहे. तिच्यावर लिहिलंय: बोरटेक प्रशिक्षण तळ, १९४२ ते १९४६.